ब्रूम खालून उघडा पडला, फुलेना, छाटल्यावर वाळला: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ब्रूम म्हणजे इथे इंग्लंडात बागांत लावतात ते, मे महिन्यात पिवळं फुलणारं झुडूप. तुमच्या ब्रूमचं यातलं काही होतंय का, ते आधी पाहा.

– खालचा गुडघाभर, कधी कमरेइतका भाग उघडा आणि तपकिरी पडलाय, हिरवा झुपका फक्त शेंड्याला उरलाय. झाड उलटा उभा केलेल्या खराट्यासारखं दिसतंय.
– पहिली दोन-तीन वर्षं मे महिन्यात पिवळंधमक फुलायचं, आता मोजून वीस-पंचवीस फुलं येतात.
– कोवळी पानं फिकी पिवळी, शिरा मात्र हिरव्या.
– छाटणी करून सहा-आठ आठवडे झाले, एकही फुटवा नाही.
– काड्यांवर बारक्या फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या राखट हिरव्या गाठी धरल्यात.
– आधी एक फांदी वाळली, मग एक बाजू, आणि महिना-दीड महिन्यात सगळं झाड.

मी गेली बारा वर्षं इंग्लंडात, रेडिंगच्या आसपास, लोकांच्या बागा सांभाळते. जून ते ऑगस्ट या दिवसांत ब्रूमच्या तक्रारी हमखास येतात, आणि त्यात मराठी घरं बरीच असतात. त्याचं कारण मला कळतं. मे महिन्यात इथल्या रेताड माळांवर ब्रूम फुलतो तेव्हा गावाकडचा बहावा आठवल्याशिवाय राहत नाही. लोक हौसेने झाड आणतात, जिवापाड जपतात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ते हातचं जातं. इतक्या ठिकाणी हेच पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: ब्रूम दुर्लक्षाने क्वचित मरतो. तो बहुतेक वेळा आपण चांगल्या मनाने केलेल्या छाटणीने, खताने आणि पाण्याने मरतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात आधी फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या गोष्टी आहेत. त्या पूर्ण होईपर्यंत कुदळ हातात घेऊ नका.

मी बोलतेय ते मुख्यतः साध्या ब्रूमबद्दल, सायटिसस स्कोपॅरियसबद्दल. हे पश्चिम आणि मध्य युरोपातलं मूळचं झुडूप, दीड ते अडीच मीटर वाढणारं, कडधान्यांच्या कुळातलं. आपली तूर आणि हिरवळीच्या खताचा ताग त्याच कुळातले, आणि फूल पाहिलं की ते नातं लगेच पटतं. पूर्वी त्याच्या लवचिक काड्यांचे झाडू बांधत, आणि इंग्रजीत झाडूला ‘ब्रूम’ हे नाव या झाडावरूनच पडलं. बागेत लाल फुलांचा ‘बर्कवुडाय’, फिकट लोण्याच्या रंगाचा ‘वॉर्मिन्स्टर’ असे त्याचे जातभाई असतात. सगळ्यांचा स्वभाव जवळपास एकच.

झाड खरंच मेलंय का?

हे सगळ्यात आधी, कारण जिवंत झाड उपटून टाकलेलं मी दोनदा पाहिलंय. ब्रूमची पानं मुळातच बारीक आणि थोड्या दिवसांची. कडक उन्हाळ्यात तो पानं गाळतो, हिवाळ्यात तर जवळजवळ निष्पर्ण असतो. त्याचं पोट भरतात त्या हिरव्या काड्या. अन्न तयार करण्याचं पानांचं बरंचसं काम त्याच करतात. म्हणून पानं नाहीत यावरून काहीच ठरत नाही.

एक काडी चिमटीत धरून फिरवा. ताजी काडी गोल लागत नाही, पाच कंगोरे बोटाला जाणवतात आणि ती वेताच्या छडीसारखी वाकते. मग अंगठ्याच्या नखाने साल थोडी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. कोरडं, भुरकट दिसलं आणि काडी वाकवताच कट्कन मोडली, तर ती मेली. शेंड्यापासून सुरू करून वीतवीतभर खाली येत जा, आणि हिरवं पहिल्यांदा कुठे लागतं तिथे सुतळी बांधून ठेवा. ही खूण पुढे छाटणीच्या वेळी लागणार आहे.

बुंध्याशी चारही बाजूंनी खरवडून कुठेच हिरवं मिळालं नाही, तर या झाडासाठी करण्यासारखं काही राहिलेलं नाही. तरी पुढचं वाचा, कारण ते कशाने गेलं हे न कळता त्याच खड्ड्यात दुसरा ब्रूम लावलात तर तोही जाईल.

वय विचारा

ब्रूम दीर्घायुषी नाही. दहा-पंधरा वर्षं हे त्याचं सगळं आयुष्य, आणि भर त्याच्याही आधी ओसरतो. घर विकत घेताना बागेत होताच, अशा झाडाचं वय कळत नाही. पण बुंधा मनगटाहून जाड, साल भेगाळलेली आणि फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतील तर तो म्हातारा आहे. त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. नवं रोप दुसऱ्या जागी लावा आणि जुन्याला जमेल तितकं फुलू द्या.

छाटणी कधी केली आणि कुठे केली?

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त झाडं इथे सापडतात, म्हणून यावर जरा थांबते.

काही वर्षांपूर्वी स्लाउला ओळखीतल्या एका काकांनी बोलावलं. सात वर्षांचा ब्रूम. मार्चच्या एका उजळ रविवारी त्यांनी तो हातभर उंचीवर सपाट कापला होता. मी गेले तेव्हा जून संपत आला होता. बारा-तेरा करड्या खुंट्या, प्रत्येकीचा काप अगदी तिरपा आणि स्वच्छ, पाणी साचू नये असा. इतकी सुंदर छाटणी मी इथल्या माळ्यांचीही कमी पाहिलीय. काका म्हणाले, “अगं, माझा हात निफाडच्या द्राक्षात बसलेला आहे. एप्रिलात खरड छाटणी केली की पंधरा दिवसांत डोळे फुटतात. याला तीन महिने झाले गं, एक डोळा नाही.”

मला त्यांचा हात ओळखू आला, कारण माझाही तसाच तयार झालाय. आमची बाग तासगावकडे. द्राक्ष, गुलाब, जास्वंद, मेंदीचं कुंपण, आपल्याकडे ज्याला कात्री लावतो ते झाड पुन्हा जोमाने येतं, कारण जुन्या लाकडात सुप्त डोळे असतात आणि वरचं काढलं की ते जागे होतात. ब्रूमच्या तपकिरी लाकडात असे कामाचे डोळे उरतच नाहीत. हिरवी काडी एकदा साल धरून तपकिरी झाली की तिथून नवा फुटवा येत नाही. तपकिरीवर मारलेला काप म्हणजे त्या फांदीचा शेवट. सगळ्या फांद्यांवर मारला तर झाडाचा शेवट. काकांना मी सांगितलं, “काका, हे आता फुटणार नाही. तुमची छाटणी चुकली नाही, झाड वेगळं निघालं.”

दुसरी चूक वेळेची. ब्रूमची फुलं गेल्या वर्षीच्या काडीवर येतात. जून-जुलैत वाढलेली काडी पुढच्या मे महिन्यात फुलते. शरद ऋतूत किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाग आवरताना, त्याला गोल आकार दिला की येणारा सगळा बहर कचऱ्याच्या हिरव्या डब्यात जातो. झाड ठणठणीत दिसतं, फक्त फुलत नाही. “खत कमी पडलं का?” असा प्रश्न येतो तेव्हा मी आधी विचारते, कात्री कोणत्या महिन्यात लावली?

बरोबर पद्धत अशी. फुलं कोमेजली की लगेच, म्हणजे बहुतेक ठिकाणी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, फुलून गेलेली प्रत्येक काडी तिच्या हिरव्या लांबीच्या अर्धी ते दोन तृतीयांश कापा. कापाच्या खाली वीतभर तरी हिरवं राहिलंच पाहिजे. लागवडीच्या पहिल्या वर्षीच शेंडे खुडायला सुरुवात करा आणि मग एकही वर्ष चुकवू नका. असं केलेलं झाड बुंध्यापर्यंत भरलेलं राहतं. चार वर्षं हात न लावता पाचव्या वर्षी आकार द्यायला गेलात तर हिरवं फक्त शेंड्याला उरलेलं असतं, आणि तुम्हाला हवा असलेला काप तपकिरीतच येतो.

आधीच उघडा पडलेला ब्रूम खालून पुन्हा भरत नाही. हे स्पष्ट सांगते, कारण इंटरनेटवर ‘पुनरुज्जीवनाचे’ व्हिडिओ पाहून लोक करवत घेतात. त्याच्या पायाशी लॅव्हेंडर किंवा हीदर लावा, उघडे पाय झाकले जातील आणि वरचा बहर आणखी काही वर्षं मिळेल. जूनच्या छाटणीने शेंगाही कमी धरतात, बी पोसण्यात जाणारी ताकद काडीला मिळते.

खत आणि पाणी बंद करून पाहा

यालाही पैसा लागत नाही. ब्रूमच्या मुळांवर तुरीसारख्याच गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून त्याला देतात. बागेत कुठे बारीक मूळ उघडं पडलं असेल तर एखादी गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबीसर दिसली तर काम चालू आहे. अशा झाडाला शेणखत, कोंबडीखत किंवा लॉनचं नत्रयुक्त खत घातलं की काड्या लांबलचक, मऊ आणि वजनदार होतात, फुलं घटतात, मावा बसतो आणि वादळात झाड आडवं होतं. लॉनला टाकलेलं खत शेजारच्या ब्रूमच्या मुळांपर्यंत पोचतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लॉनच्या कडेचा ब्रूम फुलत नसेल तर खताची गाडी तिथे दोन हात अलीकडेच थांबवा.

पाणी फक्त लागवडीच्या पहिल्या उन्हाळ्यात, आठवड्यातून एकदा खोल. त्यानंतर जमिनीतल्या झाडाला पाणी लागत नाही. कुंडीतल्याची गोष्ट वेगळी, त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. पण कुंडीतला ब्रूम तीन-चार वर्षांचाच सोबती समजा. त्याचं सोटमूळ खोल जाणारं आहे आणि कुंडीत ते गोल गोल फिरत राहतं.

ऊन मोजा

एप्रिल-मेच्या एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता झाडाचा फोटो काढा. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. लावलं तेव्हा मोकळी असलेली जागा पाच वर्षांत शेजाऱ्याच्या लॉरेलच्या कुंपणाने झाकली जाते. सावलीतला ब्रूम उजेडाकडे पळतो, खालचा भाग सोडून देतो, आणि छाटणी कितीही वेळेवर केलीत तरी उघडाच पडतो. उपाय सावली कमी करणं एवढाच. मोठं झाड उचलून उन्हात हलवायचा विचार करू नका. सोटमूळ दुखावलं की ब्रूम सहसा जगत नाही. मी सुरुवातीच्या काळात तीन हलवले होते, अगदी मोठा मातीचा गोळा धरून, दोन माणसं लावून. तिन्ही गेले.

आता थोडा खर्च: माती आणि पाणी

फिकी पानं आणि हिरव्या शिरा दिसत असतील तर इथे लक्ष द्या. ब्रूमला आम्ल ते उदासीन, हलकी, निकस माती आवडते. चुनखडी असलेल्या मातीत लोह असूनही त्याच्या मुळांना ते घेता येत नाही, आणि पानं पिवळी पडतात.

स्वस्त चाचणी स्वयंपाकघरातच आहे. वीतभर खोलीची चमचाभर माती काढून वाळवा, वाटीत घ्या आणि त्यावर पांढरं व्हिनेगर ओता. सोड्यासारखी फसफसली तर चुना आहे, प्रश्न मिटला. फसफसली नाही तरी माती आम्लच आहे असं नाही. मग बागेच्या दुकानातून काही पौंडांचा पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, तपासायचा संच आणा आणि बागेतल्या तीन जागांची माती तपासा. तीन जागा एवढ्यासाठी की नव्या घरांभोवती बिल्डरने पुरलेला सिमेंट-चुन्याचा राडारोडा असतो. भिंतीलगतची माती आणि बागेच्या टोकाची माती यांचे आकडे वेगळे आल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

पाणीही बघा. टेम्स खोऱ्यातलं नळाचं पाणी जड आहे. किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच चुना कुंडीतल्या मातीतही साठत जातो. कुंडीतल्या ब्रूमला पावसाचं पाणी द्या, एक पिंप पन्हळीखाली लावलं की काम होतं.

पीएच साडेसातच्या वर आला तर? चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, दिल्याने पानं काही महिने हिरवी होतात, पण ती उसनवारी आहे. चिल्टर्न्स किंवा डाउन्स टेकड्यांसारख्या खडूच्या जमिनीवर राहणाऱ्यांना मी सरळ झाड बदलायला सांगते. स्पॅनिश ब्रूम, म्हणजे स्पार्टियम जन्सियम, चुनखडीत आणि समुद्राच्या वाऱ्यातही छान येतो, जून ते ऑगस्ट फुलतो आणि त्याला सुरेख वास असतो. मोरोक्कोचा अननसब्रूमही चुना सहन करतो. उन्हाच्या भिंतीला लावला तर चंदेरी पानं आणि खरोखर पिकल्या अननसाचा वास.

मग निचरा. बुंध्यापासून मीटरभर लांब, एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर ब्रूमची मुळं हिवाळाभर पाण्यात बसतात. थंडी त्याला मारत नाही, थंडीतला चिखल मारतो. लंडनच्या हॅरो-वेंब्लीकडच्या चिकणमातीत एक चूक सर्रास होते: चिकणमातीत मोठा खड्डा घेऊन त्यात दुकानातलं उत्तम कंपोस्ट भरायचं आणि झाड लावायचं. चारही बाजूंची चिकणमाती पाणी सोडत नाही, सगळं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात येऊन थांबतं. नुसतं डबकं तयार होतं. त्यापेक्षा तीच माती आणि बारीक खडी मिसळून फूटभर उंच वरंबा करा आणि त्याच्या माथ्यावर रोप लावा. आपण गावाकडे काळ्या रानात गादीवाफे करतो, तेच.

किडी आणि गाठी

काळा मावा शेंड्यांना लगडला असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा, फुलांच्या दिवसांत मात्र कोणतंही औषध फवारू नका. फुलणारा ब्रूम हा गांधीलमाश्यांइतक्या जाडजूड केसाळ भुंग्यांचा, बम्बलबीचा, अड्डा असतो. एकदा खाली बसून पाहा. भुंगा फुलाच्या खालच्या पाकळीवर बसतो, त्याच्या वजनाने पाकळी फाटते आणि आत वाकवून ठेवलेले पुंकेसर स्प्रिंगसारखे उसळून त्याच्या अंगावर पिवळी धूळ उडवतात. एक फूल असं एकदाच उसळतं. त्यात मध नसतो, भुंगे फक्त परागासाठी येतात. या दृश्यासाठी मी दर मे महिन्यात पाच-दहा मिनिटं कामातून काढतेच.

फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी हा ब्रूमच्या गॉल माइटचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीवर्गीय किडीचा, उद्योग आहे. ती कळ्या-डोळ्यांतच घर करते, त्यामुळे काडीच्या जागी गाठ येते. एका गाठीचा आकार तीन सेंटिमीटरपर्यंत जातो. घरगुती बागेत वापरायला यावर औषध नाही, दुकानात कोणी बाटली पुढे केली तरी घेऊ नका. गाठी दहा-पंधरा असतील तर त्या काड्या हिरव्या भागातच कापून पिशवीत बंद करून टाका, आणि पुढच्या वसंतात पुन्हा नजर ठेवा. झाड गाठींनी भरलं असेल तर काढून टाकणं बरं, कारण ही कीड वाऱ्यावर दुसऱ्या ब्रूमवर जाते. ती किती जोरकस आहे याचा अंदाज यावरून येईल: न्यूझीलंडमध्ये ब्रूम रानभर माजलाय, आणि त्याला आवरायला तिथे हीच कीड मुद्दाम आणून सोडली.

शेवटी बुंधा आणि मुळं

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच हे करा, कारण यात मुळं हलतात.

झाड दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवा. बुंध्याभोवती मातीत बोटभर पोकळी दिसली तर वाऱ्याने ते डुलतंय आणि बारीक मुळं तुटतायत. आधाराचा खुंट ठोका, माती पायाने दाबा, जूनमध्ये डोक्याचं वजन कमी करा. रोप घेतानाच मोठ्या कुंडीतलं, कमरेएवढं, फुलांनी लगडलेलं झाड टाळा. त्याची मुळं आधीच गोल फिरलेली असतात. वीतभर उंचीचं रोप तीन वर्षांत त्याला मागे टाकतं.

झाड झपाट्याने एका बाजूने वाळत असेल तर जमिनीलगत साल चाकूने थोडी उचला. सालीखाली कागदासारखा पांढरा थर आणि अळंब्यांचा उग्र वास आला तर तो हनी फंगस, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी, आहे. मातीत बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे सापडू शकतात, शरद ऋतूत बुंध्याशी मधाच्या रंगाच्या छत्र्या उगवतात. पांढरा थर नाही, वास नाही, पण मुळं काळपट आणि साल ओढताच निसटणारी असतील तर ती पाण्याने आलेली मूळकूज, आणि तिचं उत्तर वरच्या निचऱ्याच्या परीक्षेत आहे.

कुठे थांबायचं

हनी फंगसची शंका आली की स्वतः प्रयोग करू नका. यावरही औषध नाही; झाड मुळांसकट काढावं लागतं, आणि वाचवायच्या बाकी झाडांभोवती ४५ सेंटिमीटर खोल जाड प्लॅस्टिकचा अडसर घालावा लागतो. बुरशी शेजारच्या सफरचंदाला, गुलाबाला, शेजाऱ्याच्या कुंपणालाही लागते, म्हणून आधी ओळख पक्की हवी. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे सभासद असाल तर त्यांच्या सल्लासेवेला विचारा, नसाल तर विमा असलेला प्रशिक्षित आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, बोलवा.

जुना बुंधा घराच्या भिंतीला, गॅसच्या किंवा विजेच्या लाइनीला लागून असेल तर तो उपटण्याचं काम माणूस लावूनच करा. दोन मीटरहून उंच ब्रूम फुटपाथवर किंवा रस्त्यावर कलला असेल तरीही.

आणि शेंगा. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने पहिल्याच दिवशी बागेत विचारलं, “तूर का गं ही?” शेंग तशीच दिसते, चपटी, कडेला लव असलेली, आणि आपल्या माणसांना ती सोलून तोंडात टाकावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण ब्रूममध्ये स्पार्टीन नावाचं द्रव्य असतं, ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. पाहुण्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांना आल्याबरोबर सांगून ठेवा. कोणी खाल्ल्याचं कळलं तर घरगुती उपाय न करता लगेच इथल्या आरोग्यसल्ल्याच्या १११ या नंबरवर फोन करा, चक्कर, उलटी किंवा छातीत धडधड असेल तर थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर. कुत्र्याने खाल्लं तर पशुवैद्य.

भारतात बी न्यायचा आग्रह होतो, तेव्हा मी दर वेळी नाही म्हणते. परवान्याशिवाय बी नेणं भारताच्या वनस्पती-संगरोधाच्या (प्लांट क्वारंटाइनच्या) नियमात बसत नाही हे एक. दुसरं, पुण्या-सांगलीच्या उन्हात तो तग धरणार नाही, पण उंचावरच्या थंड डोंगरांत धरतो, आणि तेच भयंकर आहे. इंग्रजांनी हौसेने नेलेला हाच ब्रूम निलगिरीच्या उंच गवताळ माळांवर माजलाय, तिथलं मूळचं गवत दाबून टाकतोय. त्याच्या बीचं कवच कठीण असतं, बी मातीत कित्येक वर्षं जिवंत पडून राहतं. काढलं म्हणून संपत नाही.

इथे मात्र बी लावायला हरकत नाही, रोप विकत घेण्यापेक्षा मला तेच आवडतं. जुलैच्या कडक दुपारी काळ्या शेंगा उडदासारख्या तडतडत फुटतात, त्याआधीच काही तोडून कागदी पिशवीत ठेवा. बी गरम पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी जे फुगलं असेल ते उंच, अरुंद कुंडीत एकेक लावा, म्हणजे सोटमूळ सरळ जाईल आणि नंतर न दुखावता जमिनीत लावता येईल.

स्लाउच्या काकांनी तसंच केलं. खुंट्या काढल्या, मातीची व्हिनेगरची परीक्षा झाली, ती पास झाली, सावली नव्हती, बुरशी नव्हती. मी दिलेल्या सहा बियांपैकी चार उगवल्या. त्यातलं एक रोप आता त्यांच्या खांद्याला लागतं. दर वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी ते मला फोटो पाठवतात, कात्री कुठे लावायची तिथे लाल दोरा बांधलेला असतो, आणि खाली लिहिलेलं असतं, “हिरव्यातच आहे ना गं?”